वाळू, गाडी आणि चालक

मंडळी, वाट नसलेल्या मुलखात गाडी पुढे जाते ती कुणामुळे, यंत्रामुळे की चालकामुळे? एक दाखला पाहू.

राल्फ बॅगनॉल्ड हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी. १९३०च्या सुमारास इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात त्यांनी साध्या फोर्ड मॉडेल ए गाड्या घातल्या. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. टायरमधली हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवायच्या, वाळूच्या टेकडीला सरळ वेगात भिडायचं, हे सगळं ते तिथेच शिकले.

१९४०मध्ये त्यांनी कैरोत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभारला, तेव्हाही ट्रक घेतले ते मागच्याच चाकांवर चालणारे शेव्हरोले. १९४१मध्ये चारही चाकांना जोर असलेले फोर्ड आले, पण ते जड, पेट्रोल फार पिणारे. आणि तिथे पेट्रोल म्हणजेच पल्ला. १९४२मध्ये दल पुन्हा शेव्हरोलेकडे वळलं.

म्हणून यंत्र गौण ठरतं का? नाही. हलकेपणा हाही यंत्राचाच गुण. पण कोणता गुण कुठे कामाचा, हे वाळू ओळखणाऱ्यालाच कळतं.

ज्ञान म्हणजे वाक्यात मांडता येतं ते, असं आम्ही वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं. या माणसांचं ज्ञान हातापायांत होतं. ते आमच्या व्याख्येत बसत नव्हतं; तेव्हा चूक व्याख्येची होती.