इमाने इतबारे

मंडळी, 'इमाने इतबारे नोकरी केली' असं आपण किती सहज म्हणतो! त्यातले इमान आणि इतबार हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. हे मला कळलं अमिरातीत आल्यावर, तेही एका कायद्याच्या नावावरून. 'रद्द अल् इतिबार', म्हणजे गेलेली पत परत देणे. १९९२ सालचा ३६ क्रमांकाचा संघीय कायदा. शिक्षा भोगून पुढे ठराविक काळ नीट वागलेल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसायचा, कधी आपोआप, कधी कोर्टात अर्ज करून.

पण इथे साध्या नोकरदाराला डाग लागायचा कसा? चोरीमारीने नव्हे, चेकने! १९८७ च्या दंडसंहितेत न वटणारा चेक देणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा होता. आणि कर्ज घ्या की घर भाड्याने घ्या, सही केलेला चेक आधी हातात द्यायचा. नोकरी गेली की चेक परत, आणि माणूस आरोपी. २००८ च्या मंदीनंतर लोक दुबई विमानतळावर गाड्या सोडून पळाल्याच्या बातम्या जगभर गाजल्या, त्या याच धास्तीच्या. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तसेच गेले. पुढे कित्येक वर्षं दुबईत थांबणारं विमानसुद्धा ते टाळायचे.

मग २०१७ च्या डिसेंबरात दुबईने दोन लाख दिरहमपर्यंतच्या चेकची प्रकरणं २ ते १० हजारांच्या दंडावर मिटवायला सुरुवात केली. २ जानेवारी २०२२ पासून तर देशभर नवा नियम आला. खात्यात पैसे कमी पडले एवढ्यावरून फौजदारी नाही. असतील तेवढे पैसे बँकेने द्यायचे, उरलेल्यांसाठी चेक थेट वसुलीच्या कोर्टात. खोटी सही किंवा चेक बुडवायला मुद्दाम खातं बंद करणं, हे मात्र गुन्हेच राहिले.

आणि जुन्या शिक्षांचं काय? १९८७ च्या संहितेतच एक तत्त्व होतं: नंतरच्या कायद्याने कृत्य गुन्हा उरलं नाही, तर आधीच्या शिक्षेचे फौजदारी परिणाम संपतात. म्हणजे डाग पुसायचं फडकं मोठं करण्यापेक्षा शाईच काढून घेतली. कर्ज मात्र संपत नाही हो! वसुली होतेच, प्रवासबंदीही येऊ शकते.

आपल्याकडे १९८९ पासून लागू असलेल्या कलम १३८ खाली चेकसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आजही आहे.

ते गृहस्थ गेल्या वर्षी बँकेशी तडजोड करून मुलीला दुबई दाखवायला आले. विमानतळावर पासपोर्ट पुढे करताना हात कापत होता म्हणाले. कागदावरचा डाग कायद्याने जातो, मनातला जायला वेळ लागतो.

असो.