मेदोहर गुग्गुळ आणि मेदरोधक गोळी

पनवेल हें मुंबई-पुणें रस्त्यावरील खाडीकांठचें जुनें गांव. बंदर, मिठागरें आणि घाटावर जाणाऱ्या मालाची पेठ म्हणून तें पूर्वीं ओळखलें जाई. वैद्यकाच्या इतिहासांत मात्र पनवेलचें नांव निराळ्याच कारणानें आलें आहे. इ. स. १८७२ मध्यें कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें आयुर्वेदीय औषधें तयार करण्याचें काम सुरू केलें, आणि त्यांतूनच श्री धूतपापेश्वर हा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. एरवीं वैद्य आपल्या घरीं खलांत औषध घोटी आणि समोरच्या रोग्यापुरतें देई. कारखान्यामुळें तेंच औषध डबींत भरून, नांवाची चिठ्ठी लावून, दूरदूरच्या गांवीं जाऊं लागलें. रोगी वैद्याकडे जाण्याऐवजीं औषधच रोग्याकडे येऊं लागलें. हा बदल लहान नव्हता.

ह्या कारखान्याच्या औषधांच्या यादींत ‘मेदोहर गुग्गुळ’ असें एक नांव आढळतें. मेदोहर म्हणजे मेदाचें हरण करणारा. लठ्ठपणानें त्रासलेल्या मनुष्याला नेमकें हेंच हवें असतें, कीं कोणीतरी यावें आणि अंगावरची चरबी उचलून न्यावी. आज ऑर्लिस्टॅट नांवाचें विलायती औषध पुष्कळ लोक ह्याच अपेक्षेनें घेतात. परंतु तें मेदाचें हरण करीत नाहीं. अन्नांतील स्निग्धाचा मार्ग तेवढा अडवितें. हरण आणि रोध ह्यांतील अंतर ज्याच्या ध्यानीं आलें नाहीं, त्याच्या पदरीं निराशा येते, आणि कधीं कधीं अपायही. हें अंतर समजून घेण्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारच्या निंद्य शरीरांचा उल्लेख आहे. त्यांपैकीं अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांचा विचार संहिताकारानें सविस्तर केला आहे, आणि दोघांत कृश बरा असा निर्णय दिला आहे. कारण उघड आहे. स्थूलाची भूक वाढलेली असते. त्याला खाऊं घातलें तर मेद वाढतो, आणि उपाशी ठेवलें तर तो तें सहन करूं शकत नाहीं. ह्या पेचांतून ग्रंथकारानें मोठी मार्मिक वाट काढली आहे. स्थूलाला जें अन्न द्यावयाचें तें पोटाला जड असावें, पण शरीराला पोसणारें नसावें. म्हणजे भूक शमेल आणि मेद मात्र वाढणार नाहीं. जवाचें अन्न, मध, ताक, त्रिफळा, नागरमोथा, गुळवेल आणि त्यांच्या जोडीला व्यायाम, असा त्याचा क्रम आहे. खाल्लेलें अन्न पोटांत जावें, पण अंगीं लागूं नये, ही कल्पना इतकी जुनी आहे.

मेदोरोगावर गुग्गुळाचे जे कल्प पुढें रूढ झाले त्यांत नवक गुग्गुळ प्रमुख होय. सुंठ, मिरीं, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, चित्रक, नागरमोथा आणि वावडिंग हीं नऊ द्रव्यें, आणि त्या सर्वांच्या बरोबरीनें शुद्ध केलेला गुग्गुळ, अशी त्याची घटना आहे. गुग्गुळ म्हणजे राजस्थान व गुजराथच्या कोरड्या प्रदेशांत वाढणाऱ्या एका कांटेरी झुडुपाचा डिंक. जुना वैद्य हें औषध एकटें कधींच देत नसे. त्याच्याबरोबर पथ्य येई, आणि पथ्य मोडलें तर वैद्य रागावत असे. डबी दूरच्या गांवीं गेली तेव्हां औषध गेलें. वैद्याचा राग मात्र तिच्याबरोबर जाऊं शकला नाहीं.

ह्या गुग्गुळाची आधुनिक रीतीनें परीक्षाही झाली. सुश्रुताच्या ग्रंथांतील मेदोविचाराचा धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनीं बनारस हिंदु विश्वविद्यालयांत सशांवर प्रयोग केले आणि १९६६ सालीं आपला प्रबंध सादर केला. गुग्गुळानें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें असें त्यांना दिसून आलें. त्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधसंशोधन संस्थेनें गुग्गुळाचा एक अर्क सिद्ध केला, आणि १९८६ सालीं तो विकण्यास भारतांत परवानगी मिळाली. परंतु २००३ सालीं अमेरिकेंत १०३ माणसांवर आठ आठवडे केलेल्या कसोटींत उलटाच अनुभव आला. अर्क घेणाऱ्यांचें अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजीं थोडें वाढलें, आणि कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. शिवाय ही सारी परीक्षा रक्तांतील स्निग्धाची होती. पोटावरची चरबी किती उतरते हा प्रश्न निराळाच राहिला. जुन्या औषधाला मान द्यावा, पण त्याच्याकडून त्यानें सिद्ध केलें आहे त्याहून अधिक मागूं नये, एवढा बोध ह्यांतून निघतो.

पाश्चात्त्य देशांत ह्याच आशेनें याहून भयंकर चूक घडली. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार डायनायट्रोफेनॉल ह्या द्रव्याच्या संसर्गानें रोडावत असल्याचें आढळलें होतें. १९३३ सालीं स्टॅनफर्ड येथील कटिंग व टेंटर ह्या संशोधकांनीं तें लठ्ठपणावर वापरून पाहिलें. हें द्रव्य शरीरांतील जाळ इतका वाढवितें कीं चरबी खरोखरच जळूं लागते. खरेंखुरें मेदाचें हरण तें हेंच. अमेरिकेंत हजारों लोकांनीं तें घेतलें. मग कांहींच्या डोळ्यांत मोतीबिंदु झाले, कांहीं जण अंगाचा ताप अनावर होऊन मेले. १९३८ सालीं अमेरिकेंत औषधांविषयीं नवा कायदा झाला आणि त्या द्रव्याचा हा व्यापार बंद पडला. शरीरांत शिरून मेद जाळणें किती धोक्याचें आहे हें जगाला अशा रीतीनें कळलें.

ह्यानंतर शास्त्रज्ञांपुढें दुसरा मार्ग आला तो चरकाच्या जुन्या कल्पनेशीं आश्चर्यकारक रीतीनें जुळतो. १९८७ सालीं स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश ह्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं स्ट्रेप्टोमायसिस टॉक्सिट्रिसिनी ह्या मातींतील सूक्ष्म जंतूपासून लिपस्टॅटिन नांवाचें द्रव्य वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. त्याचेंच अधिक टिकाऊ रूप म्हणजे ऑर्लिस्टॅट. अमेरिकेंत त्याला १९९९ सालीं परवानगी मिळाली. भारतांतही पुढें तें तयार होऊं लागलें.

त्याचें कार्य समजण्यास सोपें आहे. तूप, तेल, खोबरें, मासळी यांतील स्निग्ध पदार्थांचे कण आंतड्यांतून जसेच्या तसे रक्तांत जाऊं शकत नाहींत. स्वादुपिंडांतून येणारें लायपेज नांवाचें पाचक द्रव्य आधीं त्यांचे तुकडे करतें. ऑर्लिस्टॅट ह्या लायपेजला चिकटून त्याचें काम बंद पाडतें. तेव्हां न फुटलेलें स्निग्ध जसें आलें तसें मलावाटे निघून जातें. औषध स्वतः रक्तांत जवळजवळ जातच नाहीं; त्याचें सारें काम अन्नमार्गांतच चालतें. नेहमींच्या १२० मिलिग्रॅमच्या मात्रेनें आहारांतील सुमारें तीस टक्के स्निग्ध अशा रीतीनें अडतें.

ह्याचा हिशेब मांडून पाहावा. दिवसाला दोन हजार कॅलरींचा आहार धरला आणि त्यांतील तीस टक्के कॅलरी स्निग्धापासून येतात असें मानलें, तर तें स्निग्ध सुमारें ६७ ग्रॅम होतें. औषधानें त्यांतील वीस ग्रॅम अडविलें. ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे दिवसाला १८० कॅलरी वांचल्या. शरीरावरच्या एक किलो चरबींत सुमारें ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. तेव्हां केवळ औषधाच्या बळावर एक किलो उतरावयास सहा आठवडे लागतील. आणि साखर, भात, पाव ह्यांवर तर ह्या औषधाची मुळींच सत्ता चालत नाहीं. जो मनुष्य तूप सोडून मिठाई धरील, त्याला तें कांहींच उपयोगी पडणार नाहीं.

प्रत्यक्ष अनुभव ह्या हिशेबाला धरूनच आहे. स्वीडन देशांत ३,३०५ लठ्ठ माणसांवर चार वर्षें मोठी कसोटी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. सर्वांनाच आहार आणि व्यायाम ठरवून दिलेला होता. औषध घेणाऱ्यांचें वजन चार वर्षांअखेर सरासरी ५.८ किलो उतरलें, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचें ३ किलो. म्हणजे निम्मी कमाई पथ्याची आणि निम्मी औषधाची. तथापि आणखी एक गोष्ट घडली, आणि ती वजनाहूनही महत्त्वाची होती. खोटी गोळी घेणाऱ्यांत नऊ टक्के माणसांना मधुमेह जडला, औषध घेणाऱ्यांत ६.२ टक्क्यांना. थोडें वजनही उतरलें तर मोठें संकट टळूं शकतें, हें त्यावरून दिसतें.

आतां हें औषध सुरू केल्यावर काय अनुभवास येतें तें संकोच सोडून सांगितलें पाहिजे. कारण ह्याच संकोचामुळें पुष्कळ लोक कोणाला न विचारतां औषध टाकून देतात. एक-दोन दिवसांतच मल मऊ व तेलकट होतो. पोटांत वात धरतो, आणि वात सरतांना थोडें तेल पाझरून कपड्यांवर डाग पडतो. शौचाची घाई होते, आणि ती कधीं आवरतां येत नाहीं. हा कांहीं नवा रोग नव्हे. जें स्निग्ध अडलें तेंच बाहेर येत आहे. जेवणांत तेल-तूप जितकें अधिक तितका हा त्रास अधिक. ज्यानें दुपारीं वडापाव आणि रात्रीं तळलेली सुरमई खाल्ली, त्याला दुसरे दिवशीं प्रवासांत लाजेनें मान खालीं घालावी लागेल. उलट हिंवाळ्यांत रायगड जिल्ह्याच्या शेतांतून वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, ती मडक्यांत भांबुर्ड्याच्या पाल्यावर, पाणी-तेलावांचून भाजलेली असते; तसल्या जेवणानें असा त्रास क्वचितच होईल. जुन्या वैद्याचा राग ह्या औषधांत अशा रीतीनें परत आला आहे. पथ्य मोडणाऱ्याला तें स्वतःच शिक्षा करतें. औषध बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत हीं लक्षणें जातात.

घेण्याची रीत अशी कीं स्निग्ध असलेल्या प्रत्येक मुख्य जेवणाबरोबर, किंवा जेवणानंतर तासाभराच्या आंत, एक मात्रा. जेवण चुकलें किंवा त्यांत स्निग्ध नसलें तर ती मात्राही सोडावी. स्निग्धाबरोबर अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वेंही वाहून जातात, म्हणून त्यांची वेगळी गोळी रात्रीं निजतांना घ्यावी लागते. गलग्रंथीच्या विकारावर थायरॉक्सीन घेणाऱ्यांनीं दोन्ही औषधांत चार तासांचें अंतर ठेवावें. रक्त पातळ ठेवणारें वॉरफरिन, अपस्माराचीं औषधें, अवयवरोपणानंतरचें सायक्लोस्पोरिन घेणारांनीं, तसेंच मधुमेह्यांनीं आणि मूतखडा होणाऱ्यांनीं, डॉक्टरांना विचारल्यावांचून ह्या वाटेस जाऊं नये. गर्भवतींना, पित्तप्रवाह अडलेल्यांना आणि अन्नशोषणाचा जुनाट विकार असणाऱ्यांना तें वर्ज्य आहे. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या थोड्या तक्रारी आल्यामुळें २०१० सालीं अमेरिकेंत त्याच्या वेष्टनावर तशी सूचना छापण्यांत आली. इजा औषधानेंच झाली असें ठरलें नव्हतें. तथापि डोळे पिवळे होणें, लघवी गडद होणें, अंगाला खाज सुटणें हीं चिन्हें दिसतांच औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावें. बारा आठवड्यांत मूळ वजनाच्या शेंकडा पांचही उतरलें नाहीं, तर तें पुढें चालू ठेवावें कीं नाहीं ह्याचा डॉक्टरांनीं फेरविचार करावयाचा असतो.

लठ्ठपणावर हमखास उपायाच्या जाहिराती मात्र कोणत्याच काळांत थांबल्या नाहींत. भारतांत १९५४ सालीं औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध जो कायदा झाला, त्याच्या रोगांच्या यादींत लठ्ठपणाचें नांव स्पष्ट घातलेलें आहे. कायदा करणारांना ही आशा किती सहज विकली जाते हें ठाऊक होतें. २०१० सालीं अमेरिकेंत ऑर्लिस्टॅटच्याच वेष्टनांत बनावट औषध विकलें गेलें. त्यांत सिब्युट्रामिन हें हृदयाला धोक्याचें द्रव्य निघालें. अलीकडे भूक कमी करणारीं टोंचण्याचीं औषधें निघालीं आहेत, आणि २०२५ सालापासून त्यांतील नवीं औषधें भारतांतही मिळूं लागलीं आहेत. त्यांचा प्रभाव अधिक; आरंभीं त्यांची किंमतही अधिक होती. पण त्यांच्याही बरोबर आहाराचें बंधन सुटलेलें नाहीं.

कृष्णशास्त्र्यांनीं पनवेलींत काम सुरू केलें त्याला दीड शतक उलटून गेलें. तेथील गाड्यांची वाट आज सहापदरी झाली, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजीं गांवाची महानगरपालिका झाली. चालणें कमी झालें आणि तळलेलें खाणें हाताशीं आलें. ह्या काळांत औषध घेणें हा दोष नव्हे, आणि लठ्ठ माणूस आळशी असतो असें म्हणणेंही अन्यायाचें आहे. चरकानें सुद्धां त्याच्या भुकेला शरीरांतील कारण सांगितलें आहे. घेणाऱ्यानें इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं मेदरोधक औषध अंगावर आधीं साठलेला मेद उचलून नेत नाहीं. तें पुढें येणाऱ्याचा तिसरा हिस्सा अडवितें. उरलेले दोन हिस्से ताटावर बसणाऱ्याच्याच हातीं राहतात.