सुरखी : फुटक्या विटांच्या पुडीचा इतिहास

१/ गडावर फिरताना एखादा गोल दगडी चर आणि त्यात पडलेले अवजड दगडी चाक आपण पाहिले असेल. ती चुन्याची घाणी. बैल ते चाक फिरवीत आणि चरात बांधकामाचा चुना मळला जाई. आजचा थ्रेड आहे या चुन्याच्या एका विस्मृत सोबतिणीविषयी : सुरखी.

२/ सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. फारसीत ‘सुर्ख’ म्हणजे लाल. त्यावरून हे नाव. भट्टीत फुटलेल्या विटा, मोडकी कौले, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा कुटून आणि चाळून ती तयार होई.

३/ तिची गरज का भासली? निव्वळ चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो. जाड भिंतीच्या पोटात वा पाण्याखाली तो वायू पोहोचत नाही आणि चुना दीर्घकाळ मऊ राहतो. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना मात्र पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी संयोग पावतात, आणि मिश्रण पाण्यातही घट्ट होते. अति भाजलेली वीट हा गुण गमावते.

४/ हे ज्ञान प्राचीन आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थपती विट्रुव्हियस सांगतो, की नदीच्या वाळूत कुटून चाळलेल्या खापरांचा एक तृतीयांश भाग घालावा. इस्तंबूलच्या आया सोफियाच्या (५३२–५३७) बांधणीतही विटांची पूड मिसळलेला चुना आहे.

५/ भारतात तिची मोठी परीक्षा धरणांवर झाली. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई इलाख्यात सेवा केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा म्हैसूरचे मुख्य अभियंता होते. सिमेंट प्रामुख्याने विलायतेहून येई. धरणाचे दगड चुना-सुरखीत बसविले गेले. ते धरण आजही पाणी अडवून उभे आहे.

६/ मग सुरखी मागे का पडली? जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे विकसित झालेले हे सिमेंट लवकर घट्ट होई आणि प्रत्येक पोत्याचा दर्जा सारखा असे. सुरखी सावकाश घट्ट होई आणि तिचा दर्जा भट्टीगणिक बदले. घाईच्या शतकाने निवड केली.

७/ या निवडीची किंमत उशिरा कळली. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातील या वायूच्या मानवनिर्मित उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे.

८/ दरम्यान कारखान्यांनी नवी ‘सुरखी’ निर्माण केली होती. लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी पाण्यात झटकन थंड केली, की तिच्यात सिमेंटसारखा गुण येतो, हे एमिल लांगेन याने १८६२ मध्ये जर्मनीत दाखविले. अमेरिकेत १९५३ मध्ये पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणाच्या काँक्रीटमध्ये औष्णिक केंद्रांची राख वापरली गेली. ही राख म्हणजे तरी काय? कोळशातील मातीच, भट्टीतून भाजून निघालेली.

९/ भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के. केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढून औष्णिक केंद्रांच्या परिसरातील वीटनिर्मितीत ही राख मिसळणे बंधनकारक केले. तरीही राखेचे तलाव राहिलेच. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शिवारात शिरले. जी भिंतीत जायची, ती शेतात गेली.

१०/ आता स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील संशोधकांनी भाजलेली माती व चुनखडीची पूड मिसळून नवे सिमेंट घडविले आहे. त्यात पारंपरिक सिमेंटचा मूळ घटक, क्लिंकर, निम्म्यावर येतो. खाणींनी टाकून दिलेली हलकी मातीही त्याला चालते. प्रयोगशाळा आधुनिक आहे. पण भाजलेली माती आणि चुना यांची ही सोयरीक घाणीच्या काळातलीच. पुढच्या वेळी गडावर ते दगडी चाक दिसले, तर क्षणभर थांबा.