न दिसणारी कुलुपे

संहितेच्या अभ्यासकाला पाठभेद नवे नसतात. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांत ओव्या कमीजास्त असतात, शेवट निराळे असतात आणि त्यामागे लेखनिकाची डुलकी, पंथाचा आग्रह किंवा हरवलेले पान यांपैकी काहीतरी असते. परंतु कर्त्यानेच आपल्या कृतीचे दोन शेवट रचावेत, एक पैसे मोजणाऱ्यासाठी व दुसरा चोरासाठी, आणि दुसऱ्याचा कोणाला पत्ताही लागू देऊ नये, हा प्रकार आम्हांला ग्रंथव्यवहारात आढळलेला नाही. तो आढळतो व्हिडिओ गेमच्या इतिहासात.

सुपर निन्टेन्डो या यंत्रावरील 'अर्थबाउंड' हा खेळ अमेरिकेत १९९५ साली विकला गेला. चोरटी प्रत चालवण्याच्या उपकरणांत खेळाडूची प्रगती साठवणारी स्मृती मूळ कार्ट्रिजमधल्या स्मृतीपेक्षा मोठी असे. खेळ सुरू होताच ही स्मृती मोजून पाहिली जाई आणि माप जुळले नाही, तर पडद्यावर इशारा उमटून सारे तिथेच थांबे. हे झाले दर्शनी कुलूप. ते कोणी फोडणार हे कर्त्यांनी गृहीतच धरले होते. कुलूप फोडलेली प्रत मुकाट सुरू होई. फक्त वाटेत शत्रूंची संख्या बेसुमार वाढलेली असे. खेळाडूला वाटावे, खेळच कठीण आहे. तरीही जो नेटाने अनेक तास खेळून शेवटच्या शत्रूपर्यंत, म्हणजे गीगसपर्यंत पोचे, त्याच्यासमोर ऐन लढाईत पडदा गोठे, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर साठवलेला सारा खेळ पुसला गेल्याचे दिसे.

या शिक्षेची जात आम्हांला विचार करण्यासारखी वाटते. शिलाहारांच्या काळातल्या गधेगाळी आपल्याकडे ठिकठिकाणी उभ्या आहेत. दान दिलेल्या जमिनीला जो बाध आणील त्याच्यासाठीचा ओंगळ शाप त्यांवर कोरलेला असतो; आणि अक्षर न येणाऱ्यालाही तो समजावा म्हणून खाली गाढवाचे चित्र असते. शाप कितीही ग्राम्य असला तरी तो शिवेवर, उघड्या माळावर उभा आहे. गुन्हा करण्यापूर्वी तो वाचता येतो. 'अर्थबाउंड'मधला शाप मात्र लपवलेला आहे, आणि तो लपलेला असण्यातच त्याचे बळ आहे.

हे बळ कशात असते, ते 'स्पायरो : इयर ऑफ द ड्रॅगन' (२०००) या प्लेस्टेशनवरील खेळाचे एक कर्ते गॅव्हिन डॉड यांनी २००१ साली एका लेखात उघडपणे मांडले. त्यांचा हिशेब भाबडा नव्हता. कुलूप फुटणारच, प्रश्न फक्त किती दिवसांनी, एवढाच. खेळाच्या विक्रीचा मोठा भाग सुरुवातीच्या काळात होतो, तेवढी मुदत मिळाली तरी पुरे. म्हणून त्यांनी खेळाच्या संहितेचे तुकडे करून प्रत्येकाची बेरीज वारंवार तपासणाऱ्या चौक्या जागोजाग पेरल्या. एखादी चौकी उखडली, की संहिता बदलली म्हणून दुसरी जागी होई. शिक्षा मात्र ताबडतोब नसे. आधी झोई नावाची परी ही प्रत छेडछाड केलेली असल्याचे सांगे. मग मिळवलेली अंडी व रत्ने गहाळ होऊ लागत आणि शेवटी सारी प्रगती पुसली जाई. ताबडतोब बंद पडणारी प्रत फोडणाऱ्याला आपली चूक लगेच दाखवते. दहा तासांनी बिघडणारी प्रत त्याला तितके तास खेळायला लावते. डॉड यांच्या म्हणण्याप्रमाणे धड चालणारी चोरटी प्रत बाजारात यायला दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. एवढ्या मेहनतीचे हे फळ!

या युक्तीची दुसरी बाजू 'टायटन क्वेस्ट' (२००६) या खेळाच्या वेळी दिसली. तो दुकानांत येण्यापूर्वीच त्याची घाईघाईने फोडलेली प्रत फिरू लागली. फोडणाऱ्यांच्या नजरेतून काही चौक्या निसटल्या होत्या. त्यांतली एक कथानकातल्या कामगिरीला बांधलेली होती. तिथवर पोचले की खेळ एकाएकी बंद पडे. प्रकाशक कंपनीतील मायकेल फिच यांनी २००८ साली, खेळ रचणारी आयर्न लोअर ही संस्था बंद पडल्यावर, चिडून लिहिले, की त्यामुळे खेळच सदोष असल्याची बोंब झाली. त्यांची चीड समजण्याजोगी आहे. पण आमच्या मते तिच्यात एक गोष्ट निसटते. शिक्षा जर दोषासारखी दिसण्यासाठीच घडवली असेल, तर लोक तिला दोषच म्हणणार. गधेगाळीखाली नाव-गाव असते. इथे शाप देणाऱ्याने आपली सही पुसून टाकली होती.

पोलंडमधल्या एका कंपनीने याच काळात उलट दिशेने विचार केला. मार्चिन इविन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की यांनी १९९४ साली वॉर्सात सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. तिथला बाजार चोरट्या प्रतींनी भरलेला होता आणि संगणकीय कृतींना संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी झाला होता. अशा ठिकाणी कुलूप विकून काय मिळणार? १९९९ साली त्यांनी 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला. उत्तम भाषांतर, नामवंत नटांचे आवाज, आणि खोक्यात नकाशा व पुस्तिका. चोराला जे देता येणार नाही ते गिऱ्हाइकाला द्यायचे, हे त्यांचे धोरण. पुढे २००८ साली याच घरातून 'गुड ओल्ड गेम्स' ऊर्फ गॉग हे दुकान निघाले. जुने खेळ नव्या संगणकांवर चालतील असे करून विकायचे, आणि डीआरएम म्हणजे प्रतीवरचा तांत्रिक पहारा अजिबात ठेवायचा नाही, अशी त्याची जाहीर प्रतिज्ञा होती. २०११ साली कंपनीचा स्वतःचा 'द विचर २' आला, तेव्हा गॉगवर तो कुलपाविना होता आणि दुकानातल्या तबकडीवर सेक्युरॉम हे कुलूप होते. इविन्स्कींनी नंतर सांगितले, की चोरट्या बाजारात फिरली ती तबकडीची फोडलेली प्रत! काही दिवसांत कंपनीने ठिगळ देऊन तबकडीवरचेही कुलूप काढले. (मात्र त्याच वर्षी जर्मनीत संशयितांना वकिलांची पत्रेही गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये टीकेमुळे ती थांबवावी लागली, हेही नोंदवायला हवे.)

आता खरा पेच. कुलूप नाही असे म्हणून जुना खेळ विकायचा, तर त्यातले कुलूप आधी काढले पाहिजे. दर्शनी कुलूप काढणे सोपे. पण रचनाकारांनी खेळाच्या पोटात पेरलेल्या, मुद्दाम उशिरा बोलणाऱ्या चौक्या कोण शोधणार? वीस वर्षांत मूळ संहिता हरवलेली असते, रचणारे पांगलेले असतात. उरते ते यंत्राला कळणारे अंकांचे जंगल, आणि त्यात शिरण्याचे कसब चोरांकडेच टिकलेले असते. जुलै २००८ मध्ये युबिसॉफ्टने 'रेनबो सिक्स व्हेगस २'च्या डाउनलोड करून घेतलेल्या प्रतीसाठी अधिकृत दुरुस्ती दिली, तेव्हा तिच्या पोटात 'रीलोडेड' या फोडणाऱ्या टोळीची खूण सापडली. २०१० साली स्टीमवर विकल्या जाणाऱ्या 'मॅक्स पेन २'मध्ये 'मिथ' या टोळीचे चिन्ह निघाले. ज्यांच्याविरुद्ध कुलूप घातले त्यांचीच किल्ली मालकाने उचलली. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे, तर प्रक्षिप्त पाठ अधिकृत झाला.

आणि हे न केल्यास काय होते? सेफडिस्क व सेक्युरॉम ही तबकड्यांवरची कुलुपे विंडोज १० ने २०१५ साली नाकारली; त्यांचे चालक सुरक्षेला धोकादायक ठरले होते. ज्याने रीतसर तबकडी विकत घेऊन कपाटात जपली त्याचा खेळ चालेनासा झाला. ज्याने फोडलेली प्रत ठेवली त्याचा चालत राहिला. या विषयात आमचे मन गुंतण्याचे कारण हेच आहे. शंभर वर्षांनी कोणी या कलेचा इतिहास लिहू पाहील, तेव्हा त्याच्या हाती बहुधा चोरांनी जपलेली पोथी असेल, आणि तिच्यात पुसट न झालेली एखादी चौकी शिल्लक असेल, तर त्याला कर्त्याचा हेतू आणि कर्त्याची शिक्षा यांतला फरक कळेल की नाही, याची शंका आहे.

अलीकडे कुलपाने रूप पालटले आहे. गॉगने सप्टेंबर २०२१ मध्ये 'हिटमॅन' विकायला ठेवला. खेळ एकट्याने खेळायचा. तरी नवी हत्यारे, नवी प्रवेशस्थाने, कमावलेले प्रावीण्य या साऱ्यांसाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. जोडणी नसताना खेळ चाले, पण निम्माशिम्मा. याला कुलूप म्हणायचे की सोय, यावर गिऱ्हाइकांनी शब्दकोशाची वाट पाहिली नाही. त्यांनी तिखट अभिप्रायांचा पाऊस पाडला, आणि ऑक्टोबरात गॉगला खेळ काढून टाकून तो या स्वरूपात आणायला नको होता असे कबूल करावे लागले. आम्हांला गिऱ्हाइकांचे म्हणणे पटते. घराची किल्ली मालकाकडेच असेल, तर दाराला कडी नाही हे सांगून काय उपयोग?

या सर्वांत चतुर प्रयोग मात्र 'गेम डेव्ह टायकून'चा. पॅट्रिक व डॅनियल क्लुग या भावांनी एप्रिल २०१३ मध्ये हा खेळ कुलपाविना विकायला काढला. त्यात खेळाडूने स्वतः खेळ बनवणारी कंपनी चालवायची असते. त्याच वेळी त्यांनी एक 'फोडलेली' प्रत स्वतःच चोरट्या बाजारात सोडली. ती सर्व बाबतींत मूळ प्रतीसारखी होती. फक्त काही तासांनी खेळातल्या कंपनीचे खेळ चोरीला जाऊ लागत आणि ती हमखास बुडे. पहिल्या दिवशी खऱ्या प्रतीचे २१४ वापरकर्ते होते, त्या दुसऱ्या प्रतीचे किमान ३१०४. त्यांच्यापैकी काहींनी चारचौघांत गाऱ्हाणे मांडले, की लोक आमचे खेळ विकत न घेता चोरतात, हे फार अन्यायाचे आहे. एकाने तर विचारले, की या खेळात संशोधन करून डीआरएम तयार करता येते का.