लग्नाची तबकडी संगणकावर घेताना चित्र का बिघडते?

कर्जत, नेरळ, खोपोली या भागात २००० नंतरच्या दशकात झालेल्या लग्नांचे चित्रीकरण अनेक घरांत व्हीसीडी किंवा डीव्हीडीच्या रूपाने पोहोचले. मांडवात बसलेली आजी, पंगतीत वाढणारे काका, महडच्या वरदविनायकाच्या दर्शनाला गेलेले नवदांपत्य; यांतील काही माणसे आता केवळ त्या तबकडीवरच हालताबोलताना दिसतात. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी वाचण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली जाते आणि चित्र पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागते. हा दोष पुष्कळदा तबकडीचा नसून रूपांतराचा असतो. म्हणूनच काम झाले असे समजून मूळ तबकडी टाकून देणे, ही यातील सर्वांत मोठी चूक होय.

मुळात तपशील किती आहे, हे आधी पाहावे. पाल पद्धतीच्या व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे असते. डीव्हीडीवर ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांहून थोडे अधिक. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. व्हीसीडीची धूसरता त्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने जात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने नसलेला तपशील अंदाजाने भरतात आणि आजीच्या जागी भलतीच बाई दिसू लागते! चित्रीकरणाची मूळ कॅसेट घरात असेल, तर तिच्यावरून नव्याने प्रत करणे अधिक श्रेयस्कर.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी आहे. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात, तो रूपांतरातील नेहमीचा दोष. त्या काळचे व्हिडिओ कॅमेरे सेकंदाला ५० अर्धी चित्रे टिपत. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. जुन्या टीव्हीवर ती एकामागून एक उमटत. संगणकावर दोन अर्धी चित्रे एकत्र विणली गेली, की मधल्या क्षणात हललेला हात दुभंगतो. यावर उपाय 'डीइंटरलेस' हा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. तिच्यातील 'बॉब' पर्याय निवडून सेकंदाला ५० चौकटी ठेवल्यास हालचालीचा मूळ ओघ टिकतो. चित्रपटाला मात्र हा उपाय सरसकट लावू नये. खालापूर तालुक्यातील चौकजवळच्या, पण कर्जतच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एन. डी. स्टुडिओत चित्रित झालेला 'जोधा अकबर' (२००८) फिल्मवर सेकंदाला २४ पूर्ण चौकटींत टिपलेला आहे. अशा पूर्ण चौकटी तबकडीवर तशाच असतील, तर डीइंटरलेसने त्यांतील बारकावा उगाच कमी होतो. व्हीसीडीलाही त्याची गरज नसते.

चित्रात चौकोनी ठोकळे दिसत असतील, तर फाइल अकारण लहान केलेली असते. हँडब्रेकमध्ये ठरावीक आकाराऐवजी 'आरएफ' हे मूल्य १८ ते २० च्या आसपास ठेवावे. आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला. चेहरे फुगलेले दिसल्यास पडद्याचे प्रमाण चुकले आहे. जुन्या चित्रीकरणाचे प्रमाण ४:३ असते. ते ओढूनताणून रुंद पडदा भरू नये. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

या सर्व चुका पुन्हा दुरुस्त करता येतात, पण मूळ हाताशी असेल तरच. रूपांतरापूर्वी संपूर्ण तबकडीची जशीच्या तशी प्रत, डीव्हीडी असल्यास 'आयएसओ' फाइल, हार्ड डिस्कवर घ्यावी. व्हीसीडीतील व्हिडिओ फाइल तर रूपांतर न करताही व्हीएलसीवर चालते. घरी लिहिलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्य कालांतराने खराब होते. माथेरानच्या पायथ्याच्या गावांत पावसाळ्यातील ओल त्यात भर घालते. चित्र मध्येच गोठत असेल, तर तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलगोल नव्हे. तरीही वाचली गेली नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्याला अनेकदा वाचता येते.