सुईण

प्रसूतीच्या वेळी स्त्रीपाशी कोणी असावे याचा निर्देश सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. ज्यांच्याविषयी तिच्या मनात शंका नाही अशा, वयाने परिणत, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या चार स्त्रिया तिथे असाव्यात, असे ग्रंथकार सांगतो. या क्रमात विश्वासाला पहिले स्थान आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गावगाड्यात हे काम सुईणीकडे होते. बारा बलुतेदारांच्या रूढ यादीत तिला स्वतंत्र जागा नाही. तरीही अपरात्री कंदील घेऊन तिला बोलवायला निघालेला गडी पुष्कळदा पाटलाच्या वाड्यातला असे. ती येई, अंधाऱ्या खोलीत बाजेशेजारी बैठक मारी, कोमट तेलाने कंबर चोळी, कळ आली की बाईला आपले खांदे घट्ट धरू देई, कळ ओसरली की घोटभर कढत पाणी पाजी, आणि सुटका होईपर्यंत, मग ती पहाटे होवो की दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, जागची हलत नसे. मोबदला म्हणजे लुगडे किंवा खण, नारळ आणि शिधा. अनेक गावांत ही सुईण मांग समाजातली असे. घरचा वारस ज्या हातांत प्रथम येई, त्याच हातांना सोयर फिटल्यावर उंबरठ्याबाहेर राहावे लागे, आणि हा अन्याय कोणत्याही शिध्याने फिटणारा नव्हता.

नखांचा नियम मात्र गाव विसरले होते. विळ्याने नाळ कापली जाई आणि धनुर्वाताने अर्भके दगावत. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेताना प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा, स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीचा निधी उभा राहिला, १९०३ साली नंतरच्या व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी सुइणींच्या शिक्षणासाठी दुसरा निधी काढला, आणि सुईणीला हात धुण्याची शिस्त लावण्याचा प्रयत्न सरकारदरबारी सुरू झाला. तो आवश्यकच होता.

पुढे बाळंतपण रुग्णालयात गेले, असंख्य जीव वाचले; पण त्या नव्या शिस्तीत आई, सासू आणि सुईण दाराबाहेरच्या बाकावर राहिल्या, आणि आत अनोळखी माणसांत बाई एकटी कळा सोसू लागली. स्वच्छता आणि कौशल्य मिळाले, विश्वास मात्र बाहेर राहिला. २०१६ साली भारत सरकारने सरकारी रुग्णालयांत, जिने स्वतः बाळंतपण सोसले आहे अशा नात्यातल्या एका स्त्रीला सोबत राहण्याची मुभा दिली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. मोठ्या शहरांतून आता 'डूला' नावाची प्रशिक्षित सोबतीण मोबदला घेऊन येते. ती नाळ कापत नाही, औषध देत नाही. कंबर चोळते, श्वास कसा घ्यावा ते हलक्या आवाजात सांगते, आणि सुटका होईपर्यंत जागची हलत नाही.