आपल्या रेषा आपण आखणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक

नाशिक - ऐन विशीत माणूस आपल्या घराहून वेगळा विचार करू लागतो. खाणे, बोलणे, देवधर्म, मैत्री, लग्न, एकटे राहण्याची ओढ अशा कितीतरी बाबतींत 'मी असा आहे' किंवा 'मी अशी आहे' हे घरच्यांना सांगण्याची वेळ येते. नेमके तिथेच घरोघरी खटके उडतात. हा प्रश्न नव्या पिढीचा म्हणून ओळखला जात असला, तरी सव्वाशे वर्षांपूर्वी नाशिक परिसरातल्या एका तरुण स्त्रीपुढे तो फार कठोर रूपात उभा राहिला होता. वडिलांचे सोवळे, पतीचा लहरी स्वभाव आणि समाजाचा धाक या तिन्हींच्या मधोमध तिने आपली वाट शोधली आणि उतारवयात ती कहाणी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सांगितली. त्या लक्ष्मीबाई टिळक. व्यक्तीचे वेगळेपण, नात्यांतील मर्यादा आणि स्वत्व या विषयाचा मराठीत संदर्भ शोधायचा, तर या आयुष्याला टाळून पुढे जाता येत नाही.

जलालपूरचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीकाठी असलेल्या जलालपूर गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. या घरावर १८५७ च्या धामधुमीची सावली पडलेली होती. त्या वर्षाच्या अखेरीस त्र्यंबकेश्वर येथे उठाव झाला आणि त्यानंतर काही जणांना फासावर चढविण्यात आले. मनूच्या आजोळलाही त्याची झळ बसली. या आघातानंतर वडिलांच्या मनाने विटाळाची धास्ती घेतली आणि ती पुढे सुटलीच नाही.

बाहेरून येणारी प्रत्येक जिन्नस धुऊनच घरात घ्यायची, हा तिथला शिरस्ता होता. कुणाचा स्पर्श कुठे झाला, कुणाचे पाऊल कुठे पडले, याची सतत चौकशी होई. त्याचा सगळा भार घरातल्या बायका-मुलींवर पडे. उपसायचे पाणी त्यांचे, धुणे त्यांचे आणि बोलणीही त्यांनाच. मनूच्या बालपणात खेळापेक्षा 'शिवू नकोस' हा शब्दच अधिक होता.

लक्ष्मीबाईंनी हे सारे सांगताना वडिलांना खलनायक केलेले नाही. त्यांच्या वागण्याने घराचे हाल कसे झाले हे त्या लपवीत नाहीत. मात्र त्यातला विनोदही त्यांच्या नजरेतून निसटत नाही. आज अतिस्वच्छतेच्या अशा न थांबणाऱ्या विचारांना आणि कृतींना मानसोपचारात 'मंत्रचळ' हा शब्द रूढ आहे आणि त्यावर उपचारही उपलब्ध आहेत. इतक्या जुन्या काळातील व्यक्तीचे निदान आज करणे योग्य ठरणार नाही. त्या काळी घरच्यांपाशी अशा वागण्याला नाव नव्हते, इलाजही नव्हता. शिवाय सोवळ्याला धर्माची मान्यता असल्याने 'हे अती होते आहे' असे म्हणण्याची सोयही कुणाला नव्हती.

सवय कुठे संपते?

स्वभावातली लकब आणि इतरांना जाचक ठरणारे वेड यांतला फरक या घराच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. कुणी चहा बशीतूनच पितो, कुणी पुस्तकाला दुसऱ्याचा हात लागू देत नाही, कुणाला समारंभाची गर्दी सोसवत नाही. अशा सवयींचा बोजा ज्याचा त्याच्यावरच राहतो, तोवर त्या खटकल्या तरी सोसता येतात. एखाद्याच्या सवयीसाठी इतरांना आपले जेवण, झोप, खेळ, मैत्री सोडावी लागली, की ती खासगी बाब उरत नाही. घरातल्या ज्येष्ठाची सवय हाच घराचा नियम, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे तरुण मंडळींच्या लकबींना 'चोचले' म्हटले जाते आणि मोठ्यांच्या लकबींना 'शिस्त'. जलालपूरच्या घरात हेच घडत होते.

अकराव्या वर्षी लग्न

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. त्या काळाच्या रीतीनुसार यात नवल काही नव्हते. मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविणारा शारदा कायदा व्हायला अजून जवळजवळ ५० वर्षे होती. तो १९२९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. नाव, घर, माणसे सगळे एका दिवसात बदलले आणि तिला त्याविषयी कुणी काही विचारले नाही.

नारायण वामन टिळक कवी होते, संस्कृतचे जाणकार होते, उत्तम वक्ते होते. 'वनवासी फूल' या दीर्घकाव्याचा हा कवी संसारात मात्र कमालीचा बेभरवशाचा होता. हाती आलेला पैसा टिकत नसे. समोर गरजवंत दिसला की तो त्याच्या पदरात पडे. राग येई तसा ओसरेही. घरी काही न सांगता ते निघून जात, एका गावी बस्तान बसते न बसते तोच दुसरे गाव गाठीत. त्यांचे प्रेम खरे होते. विक्षिप्तपणाही तितकाच खरा होता. लक्ष्मीबाईंना कोणतेही शालेय शिक्षण नव्हते. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली, तीही रुसवेफुगवे आणि भांडणे यांच्या साथीने.

नवऱ्याचा स्वभाव बदलत नाही, हे या तरुण पत्नीने लवकर ओळखले. त्या कधी भांडल्या, कधी हसण्यावारी नेले, कधी स्वतःच्या हिमतीवर घर चालविले. टिळकांच्या लहरींची त्यांनी केलेली वर्णने वाचताना हसू येते, पण त्या हसण्याची किंमत कुणी मोजली याचा विसर वाचकाला पडत नाही.

१८९५ : एका संसाराच्या दोन वाटा

खरी कसोटी पुढेच होती. धर्मविषयक चिंतनातून टिळकांचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकत गेला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. १८९१ मध्ये जन्मलेला मुलगा दत्तू जेमतेम साडेतीन-चार वर्षांचा होता. ही बातमी त्यांच्यावर वज्राघातासारखी कोसळली.

त्या काळी नवऱ्याने धर्म बदलला तर बायकोपुढे दोनच मार्ग आहेत, असे समाज मानीत असे. एक, मुकाट्याने त्याच्यामागे जायचे. दुसरा, तो मेला असे समजून माहेरी दिवस काढायचे. धर्मांतरित व्यक्तीला जोडीदार नांदत नसल्यास विवाह मोडता यावा, यासाठी १८६६ चा कायदाही होता. टिळकांनी त्या वाटेने जाऊन दुसरा संसार थाटला नाही. लक्ष्मीबाईंनीही समाजाने आखून दिलेल्या दोन मार्गांपैकी एकही पूर्णपणे पत्करला नाही. पतीवरचे प्रेम त्यांनी नाकारले नाही आणि पतीने धर्म बदलला एवढ्याच कारणासाठी आपला धर्मही बदलला नाही. त्या नातलगांच्या आधाराने मुलासह वेगळ्या राहिल्या. या ताटातुटीच्या दुःखातच त्यांनी पहिली कविता रचली.

चूल वेगळी, संसार एक

काही वर्षांच्या विरहानंतर हे दांपत्य पुन्हा जवळ आले. तरीही लक्ष्मीबाईंनी आपली रेषा लगेच पुसली नाही. काही काळ त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. पती ख्रिस्ती, पत्नी सोवळ्यातली हिंदू आणि दोघांचा जिव्हाळा कायम, असा हा संसार होता. शेजाऱ्यांना तो विचित्र वाटला असल्यास नवल नाही. पण या मधल्या काळातच त्यांच्या मनातली खरी घडामोड झाली. ज्या सोवळ्याने बालपण व्यापले होते, त्याचा अर्थ काय, माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले. हा भेद माणसानेच केलेला आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी तो टाकला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या दोन बाप्तिस्म्यांमधली पाच वर्षे हाच या कहाणीचा गाभा आहे. निर्णय अखेर पतीच्या निर्णयासारखाच झाला, म्हणून तो पतीचा ठरत नाही. तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या गतीने झाला. टिळकांना त्यांनी सोबत यावे असे मनापासून वाटत होते. तरीही ते थांबले, हेही नोंदविले पाहिजे. मर्यादा आखणाऱ्याइतकीच ती पाळणाऱ्याचीही गरज असते.

त्याच काळी मुंबईत

लक्ष्मीबाईंच्याच पिढीतल्या रखमाबाईंना हा लढा न्यायालयात लढावा लागला. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्या संमतीचे नव्हते, म्हणून पतीकडे नांदायला जाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा अन्यथा तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून दीर्घकाळ सेवा केली.

रखमाबाईंनी नाते तोडून स्वत्व राखले, लक्ष्मीबाईंनी नाते टिकवून. दोन्ही मार्गांना सारखेच धैर्य लागले.

संसारातून साहित्याकडे

पुढील काळात अहमदनगर येथे टिळकांचे घर अनेकांचा आसरा झाले. दुष्काळात निराधार झालेली मुले तिथे वाढली. बालकवी ठोंबरे यांना याच घरात माया मिळाली. ज्या मुलीला कुणाला शिवण्याची मुभा नव्हती, तिच्या स्वयंपाकघरात आता कुणीही येऊ शकत होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे काम सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले; त्यातला मोठा भाग त्यांचाच आहे.

'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर आला. इतरांचे दोष सांगताना लक्ष्मीबाई स्वतःला वगळीत नाहीत. आपला भाबडेपणा, आपली भीती, आपल्या फजित्या त्या तितक्याच मोकळेपणाने मांडतात. विजया मेहता यांनी १९८२ मध्ये या पुस्तकावर चित्रपट केला, तर शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच या शहराने मार्च १९३० मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह पाहिला, तर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जिल्ह्यातील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. स्पर्शाची जी रेषा एका घराच्या उंबऱ्याशी पुसली गेली होती, ती शहराच्या मंदिराच्या दारात अजून शिल्लक होती.

आजच्या घरांसाठी

आज कायद्याने परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. वयाच्या १८ व्या वर्षी व्यक्ती सज्ञान होते. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. जोडीदार निवडण्याचा सज्ञान व्यक्तीचा हक्कही २०१८ मध्ये याच न्यायालयाने अधोरेखित केला.

तथापि, कायदा घरातली खोली वेगळी करून देत नाही. मोबाइल तपासणारे पालक, 'आमच्या घरात हे चालायचे नाही' हे वाक्य, बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलीला दिवसातून पाच वेळा जाणारा फोन या गोष्टी कोर्टात सुटत नाहीत. त्या संवादानेच सुटतात. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून त्यासाठी काही आधार मिळतो. मर्यादा सांगणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. नकार देताना प्रेम मागे घ्यावे लागत नाही. मत बदलायला वेळ लागला तर तो घेण्याचा हक्क आहे. आणि एकदा आखलेली रेषा आपल्यालाच चुकीची वाटली, तर ती पुसण्यात कमीपणा नाही.

एखादी सवय स्वतःला किंवा घराला छळू लागली असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून न देता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली असून, तेथे मराठीतही बोलता येते. जलालपूरच्या गोखल्यांच्या घराला अशी कोणतीच सोय नव्हती.

जीवनपट

१८६८ - जलालपूर येथे जन्म
१८८० - नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह
१८९१ - पुत्र देवदत्त (दत्तू) याचा जन्म
१८९५ - टिळकांचे धर्मांतर, ताटातूट
१९०० - लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा
१९१९ - टिळकांचे निधन
१९३४ - 'स्मृतिचित्रे'च्या प्रकाशनास प्रारंभ
१९३६ - नाशिक येथे निधन